काम चालू, मुक्कामही इथेच: घराच्या मोठ्या दुरुस्तीत घरातच राहणाऱ्यांसाठी

सांगलीत घराचं मोठं काम काढलं की पहिला सल्ला मिळतो, "भाड्याने खोली घ्या आणि निवांत काम करून घ्या." सल्ला चांगला आहे. पण विश्रामबागेकडचं भाडं, वर अनामत, सामान दोनदा हलवायचा टेम्पो आणि बंद घरात पडलेलं सिमेंट-लोखंड राखायला माणूस, एवढं धरलं की बहुतेक जण "राहू इथंच, कसं तरी निभेल" यावर येतात. हा लेख त्या 'कसं तरी'बद्दल आहे. भिंत कशी बांधावी, बीम कुठे घ्यावा, हे तुमचा इंजिनिअर सांगेल. काम चालू असलेल्या घरात जेवायचं, झोपायचं, आंघोळ करायची आणि कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढाच इथला विषय.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. गवंडी कामाचा क्रम त्याच्या सोयीने लावणार: सगळं एकदम फोडायचं, मग सगळीकडे एकदम गिलावा, मग एकदम फरशी. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, माणसं आणि सामान एकदाच आणायला लागतं. पण तुम्ही घरात राहणार असाल तर क्रम तुम्ही लावायचा, आणि तो कामावरून नाही, तर 'आज रात्री कुठे झोपायचं, उद्या सकाळी कुठे जायचं' यावरून. यामुळे मजुरी थोडी वाढते. ती वाढ भाड्यापेक्षा कमी असेल तरच घरात राहण्याला अर्थ आहे. हा हिशेब कागदावर मांडा आणि मगच नारळ फोडा.

पहिलं: महिना निवडा

आपल्याकडे मोठ्या कामाला सोयीचा काळ दिवाळीनंतरचा. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी असते, ऊन अजून तापलेलं नसतं. तोडफोड, बांधकाम आणि गिलावा उन्हाळा लागण्याआधी उरकता आला तर उत्तम, कारण एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, ओला गिलावा भराभर सुकतो आणि त्याला तडे जातात. शिवाय पंखा बंद ठेवून धुळीत बसणं मे महिन्यात कुणालाच जमत नाही.

घरात दहावी-बारावी असेल तर एक वर्ष थांबा. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा आणि बाजूच्या खोलीत कटर, हे होत नाही. शेजारच्यांच्या पोराची बारावी असली तरी ते लक्षात घ्या, पुढे उपयोग होतो.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग बहुतेक जण उन्हाळ्यावर ढकलतात आणि तिथेच घरात खटके उडतात. एप्रिलमध्ये गच्चीवर सांडगे, पापड, कुरडया आणि चटणीच्या मिरच्या असतात. गच्ची आधी करून घ्या, नाहीतर वाळवण कुणाच्या गच्चीवर टाकायचं ते आधीच बोलून ठेवा. शाळू आणि गहू वर्षाचे भरत असाल तर या वर्षी काम संपेपर्यंत महिन्यापुरतंच आणा. सिमेंटची धूळ बसलेलं धान्य पाखडून साफ होत नाही.

दिवस मोजताना अमावस्येची सुट्टी धरा. गावाकडची यात्रा आणि सोयऱ्यांची लग्नंही धरा. आणखी एक, गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाला लागलेल्या असतात. राडारोडा न्यायला "उद्या येतो" म्हणणारा ट्रॉलीवाला चार दिवसांनी उगवतो, तोवर ढीग दारात.

दुसरं: कागद

रंग, गिलावा, फरशी बदलणं, कौलं चाळणं अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. खोली वाढवणं, स्लॅब टाकणं, भिंत हलवणं, मजला चढवणं याला लागते. तुमचं काम नक्की कशात बसतं ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. नदीकडच्या भागात पूररेषेचा प्रश्न असतो. निळ्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेच्या संदर्भात आपली जागा कुठे येते हे नकाशावर पाहिल्याशिवाय वाढीव बांधकामाची आखणी करू नका. अर्धं घर पाडलेलं, त्यात आपण राहतोय आणि वर कामाला स्थगिती, यापेक्षा वाईट परिस्थिती नाही.

तिसरं: घराचे दोन भाग पाडा

घराचा साधा नकाशा काढा, वहीच्या पानावर चालेल. त्यावर दोन रंगांत 'राहता भाग' आणि 'कामाचा भाग' दाखवा. राहत्या भागात कमीत कमी हे हवं: सगळ्यांना झोपता येईल एवढी एक खोली, एक चालू संडास, चूल मांडायला हवेशीर कोपरा, पाण्याचा एक नळ आणि कामाच्या भागातून न जाता बाहेर पडता येईल असा दरवाजा. या शेवटच्या गोष्टीकडे लोकांचं लक्षच जात नाही. रात्री लाईट गेली आणि पुढच्या दाराशी वाळू-सळई असली, तर म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढायचं कसं?

हे पाच एका बाजूला बसत नसतील, तर त्या टप्प्यात तुम्ही घरात राहू शकत नाही. तेवढ्यापुरतं बाहेर जा. त्यात कमीपणा नाही.

पहिल्या टप्प्यात मागची बाजू, दुसऱ्या टप्प्यात पुढची, असा क्रम सहसा बरा पडतो, कारण राडारोडा नव्या फरशीवरून न्यावा लागत नाही. वरचा मजला असेल तर वरून खाली. पहिला भाग रंगासकट पुरा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. गवंडी म्हणेल, "तेवढं फोडून ठेवतो, पोरं मोकळीच हायती." नाही म्हणा. घरात राहणाऱ्यांची दैना नेमकी या मोकळ्या पोरांमुळे होते.

संडास-बाथरूम

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळ्याशिवाय माणूस चार दिवस काढतो.

जुनं बाथरूम फोडून नवं करायला किती दिवस लागतील असं विचारलं की उत्तर येतं "आठ दिवस". आता कामं मोजा. फोडणं आणि माल काढणं. पाईप टाकणं आणि त्यात दाब देऊन गळती पाहणं. वॉटरप्रूफिंगचे थर, प्रत्येक थर वाळायला वेळ. मग पाणी कोंडून ठेवून चाचणी, किमान २४ तास, ४८ तास ठेवलं तर उत्तम. मग भिंतीच्या टाइल्स, खालची फरशी, सांधे भरणं, भांडं बसवणं. नीट केलं तर दोन ते तीन आठवडे धरा. पाणी कोंडायची चाचणी घाईत गाळली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. तुम्ही घरातच आहात, त्यामुळे ही चाचणी डोळ्यांसमोर करून घ्या. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. उन्हाने थोडं पाणी उडतं, ते सोडून जास्त उतरलं तर कुठेतरी वाट आहे.

दोन संडास असतील तर एक पूर्ण होऊन वापरात आल्याशिवाय दुसरा फोडायचा नाही. एकच असेल तर आधी नवा बांधा, मग जुना पाडा. जुन्या घरांना मागे परडं असतं, तिथे पत्र्याचा आडोसा करून आंघोळीची सोय होते. संडासाची अशी होत नाही, त्याला शेजारी किंवा भाऊबंद लागतात. आधी जाऊन विचारा, आणि घरातल्या बायकांना तिथे जायला संकोच वाटणार नाही ना हे त्यांनाच विचारा. हा निर्णय पुरुषांनी परस्पर घेऊ नये.

कामावरच्या माणसांची सोय कोणती, हेही याच वेळी ठरवा. कामावर बायका असतात, त्या दिवसभर पाणी न पिता काढतात कारण जायला जागा नसते. परड्यातला जुना संडास काम संपेपर्यंत त्यांच्यासाठी ठेवता आला तर ठेवा.

चूल

तात्पुरत्या स्वयंपाकघराला जुनं टेबल आणि वर कडाप्प्याचा तुकडा पुरे. जागा खिडकीजवळची. सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि ज्या बाजूला वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालतो त्या बाजूला नाही. पॉलिश, थिनर आणि ऑइलपेंट चालू असलेल्या खोलीत शेगडी पेटवायची नाही, हा नियम मोडायचा नाही. रात्री रेग्युलेटर बंद.

भांडी निम्म्याहून कमी बाहेर ठेवा. एक कुकर, एक कढई, तवा, माणसागणिक ताट-वाटी. बाकी खोक्यांत भरून प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहा. 'स्वयंपाकघर' एवढंच लिहिलं तर झारा शोधायला सहा खोकी उघडावी लागतात. आठवड्यातून काही दिवस पोळी-भाजी केंद्रातून आणायचं हे आधीच खर्चात धरा. दमलेल्या घरात जेवणावरून भांडण होतं, त्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

धूळ

वाळू, काँक्रीट, टाइल कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर तोडफोडीच्या दिवसांत त्यांना माहेरी किंवा नातेवाइकांकडे पाठवा.

बाकीच्यांसाठी उपाय साधे आहेत, पण रोज करावे लागतात. दोन भागांमधल्या दाराला जाड प्लास्टिक छतापासून जमिनीपर्यंत, चारही कडांना टेप लावून. जुनं लुगडं टांगून धूळ अडत नाही; प्लास्टिकच्या आतल्या बाजूला ते ओलं करून टांगलं तर मात्र उपयोग होतो. कामाच्या भागातल्या खिडक्या उघड्या, राहत्या भागातल्या त्या बाजूच्या बंद. टाइल कापायची ती बाहेर, पाणी सोडून. कोरड्या झाडूला बंदी. आधी पाणी शिंपडा, मग झाडा. वायरी-पाईपसाठी भिंतीत चिरा मारणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क द्या. तो घालणार नाही, तरी द्या आणि एकदा-दोनदा आठवण करा.

जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) कायदेशीर मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं आणि लहान मुलांना ते फार वाईट. ओला करून खरवडायचा आणि पापुद्रे गोळा करून टाकायचे. जुने सिमेंटचे पत्रेही फोडून खाली टाकायचे नाहीत. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. भिजवून, बोल्ट सोडून, अख्खे उतरवा.

पाण्याच्या टाक्यांची झाकणं तपासा, वरच्या आणि खालच्या. ही चूक सगळीकडे होते. हौदाचं झाकण तिरकं राहतं, सिमेंटचं पाणी आत जातं, आणि घरभर पोट बिघडल्यावर शोध सुरू होतो.

वीज आणि पाणी

वायरमनला पहिल्याच दिवशी बोलवा, शेवटी नाही. मीटरपासून राहत्या भागाला एक स्वतंत्र लाईन काढून घ्या, तिला वेगळा एमसीबी (जादा भार आला की बंद होणारं बटण) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारं बटण). कामाची यंत्रं दुसऱ्या लाईनवर, तिलाही आरसीसीबी. असं केलं की तोडफोडीचा ब्रेकर चालवताना घरातला फ्रीज बंद पडत नाही, आणि ओल्या फरशीवर कुणाला शॉक लागण्याचा धोका खूप कमी होतो. उघड्या वायरी खिळ्याला गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या तर काम थांबवा.

वायरिंग नव्याने करताच आहात, तर एक सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१च्या जुलैमध्येही पाणी शहरात आलं. तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं याची खूण शेजारच्या एखाद्या भिंतीवर अजून असेल. मीटर, बोर्ड आणि इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर घ्या. पाणी पुरुषभर वर चढलं असेल तिथे निदान खालच्या मजल्याची वायरिंग वेगळी बंद करता येईल अशी ठेवा. खालच्या ओट्याखाली प्लायवूडपेक्षा कडाप्पा बरा, तो धुता येतो.

पाणी दुप्पट लागतं असं समजा. बांधकामासाठी वेगळं बॅरल ठेवा. नळाला पाणी यायच्या वेळी घरचं भरून झाल्यावर बॅरल, हा क्रम. काही भागांत बोअरचं पाणी खारट आहे. ते काँक्रीटला आणि गिलाव्याला वापरलं तर पुढे भिंतीला लोणा लागतो, सळई गंजते. चवीला खारट लागत असेल तर टँकर मागवा.

पाणी मारणं हे काम घरात राहणाऱ्याच्या वाट्याला येतंच. नव्या काँक्रीटला आणि गिलाव्याला कमीत कमी सात दिवस ओलावा हवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस, आणि कोरड्या उन्हात त्याहून जास्त. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी कोंडा. इथे घरात राहण्याचा खरा फायदा दिसतो: भाड्याने गेलेल्या माणसाच्या स्लॅबला पाणी मारलं की नाही हे फक्त गवंड्याला माहीत असतं.

जेव्हा घर सोडायचंच

काही दिवस घरात थांबायचं नाही. जुना स्लॅब किंवा माळवद (मातीचं सपाट छत) उतरवतात ते दिवस. भार घेणाऱ्या भिंतीत नवं दार पाडतात तो दिवस. टेकू देऊन वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) बसून पक्कं होईपर्यंत त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या खोल्या रिकाम्या. पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतींचं तर विचारूच नका, एका कोपऱ्याला हात लावला की दुसरा कोपरा हलतो. लाकडाला पॉलिश मारतात त्या रात्रीही त्या मजल्यावर झोपू नये.

नव्या स्लॅबखालची खोली टेकूंनी भरलेली असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४, त्यापुढचे २१. पीपीसीला आणखी थांबावं लागतं. सेंटरिंगचं, म्हणजे टेकू-फळ्यांचं, सामान भाड्याचं असतं, त्यामुळे ते लवकर काढायची घाई सगळ्यांनाच. आणि तुम्हालाही खोली हवी असते! काढायचा दिवस इंजिनिअरने सांगायचा. कपडे वाळत घालायला अडचण होते म्हणून मधला एखादा टेकू बाजूला करणारेही लोक आहेत.

माणसं, पैसा, शेजार

मजुरीवर काम द्यायचं की मटेरियलसह, हे तुमच्याकडे वेळ किती यावर ठरवा. घरात राहणाऱ्याला मजुरीवर परवडतं, कारण गोण्या मोजायला तुम्ही हजर असता. वाळू किंवा क्रश सँड ब्रासवर येते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट; ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा, ड्रायव्हर हसला तरी मोजा. उचल द्यावीच लागते, पण ती झालेल्या कामाच्या मापापेक्षा पुढे जाऊ देऊ नका. शेवटचा हप्ता रंग आणि किरकोळ कामं संपेपर्यंत हातात ठेवा. दार अडकतंय, एक टाइल पोकळ वाजतेय, अशी कामं पैसे संपल्यावर होत नाहीत.

कामाची वेळ ठरवून घ्या आणि सुट्टी झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा: सेंटरिंगचे खिळे गोळा करणं, सळयांची टोकं झाकणं, खड्ड्यावर फळी, यंत्रांचे पिन काढणं. घरात सगळ्यांनी चपला घालूनच वावरायचं, आजीनेसुद्धा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगून ठेवा. दागिने आणि कागदपत्रं लॉकरमध्ये. कुणावर संशय म्हणून नाही. घर महिनोन्‌महिने उघडं असतं आणि काही हरवलं की पहिली शंका गरीब माणसावर जाते.

चहा दोनदा द्यावा, अकराच्या आणि चारच्या सुमाराला. दारात पाण्याचा माठ ठेवावा. यावर काटकसर करणाऱ्यांचं काम कसं होतं ते मी पाहिलेलं आहे.

शेजाऱ्यांकडे तोडफोडीच्या आधी जाऊन या. गल्ली अरुंद असेल तर वाळू कुठे पडणार, किती दिवस पडणार, गाडी काढायला वाट राहील का, हे सांगा. सामाईक भिंत असेल तर तिचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा, तड्यांसकट. आपल्याकडच्या काळ्या मातीत तडे एरवीही पडतात. ती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. नंतर "हा तडा तुमच्या ब्रेकरने" असा वाद निघतो तेव्हा फोटो उपयोगी पडतात. स्वतःच्या जुन्या तड्यांवरही लगेच पुट्टी भरू नका. तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. पट्टी फुटली तर तडा अजून चालता आहे आणि दुखणं बहुधा घराच्या पायात आहे.

परत सामान लावताना

देव सगळ्यात आधी हलवलेले असतात, आणि बहुतेक घरांत सगळ्यात आधी तेच परत येतात. त्याला हरकत नाही, पण त्या भिंतीचा रंग वाळलेला असू द्या. नव्या गिलाव्यावर रंग लावायला तीन-चार आठवडे थांबलं तर तो टिकतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा, पहिल्या पावसाळ्यात मागे हवा खेळली पाहिजे. फरशीचे सांधे भरल्यावर निदान एक दिवस त्यावर कुणी चालायचं नाही, जड सामान त्यानंतर. नळांच्या तोट्यांच्या जाळ्या काढून धुवा, त्यात वाळू अडकलेली असते. दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासून घ्या. मग पिठाचा डबा आणि शाळूचं पोतं आत घ्या.